तिबिलिसीहून एका दिवसात जुनी चर्च, काझबेगीचे डोंगर आणि गंधकाची स्नानगृहं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जियाला फिरायला निघालेले मराठी प्रवासी आणि तिबिलिसीत डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना भेटायला जाणारे आई-वडील यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भाडी आणि दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे अंदाजाने धरा. अंतरं आणि उंची मात्र बदलत नाहीत.

१. या एका दिवसात नेमकं काय काय येतं?

तिबिलिसीहून उत्तरेला रशियाच्या सीमेकडे जाणारा जुना लष्करी रस्ता हा या सहलीचा कणा. त्यावर क्रमाने म्त्सखेता (सुमारे २० किमी), अनानुरीचा किल्ला (सुमारे ७० किमी), गुदाउरी (सुमारे १२० किमी), ज्वारी खिंड आणि स्तेपान्त्समिंडा (सुमारे १५५ किमी) लागतात. स्तेपान्त्समिंडालाच सगळे अजून काझबेगी म्हणतात. गावाच्या वर २,१७० मीटरवर गेर्गेतीचं त्रिमूर्ती चर्च आणि त्यामागे पाच हजार मीटरहून उंच काझबेक शिखर. परतल्यावर रात्री तिबिलिसीच्या जुन्या भागात, अबानोतुबानीत, गंधकाच्या गरम पाण्याचं स्नान.

२. हे सगळं एका दिवसात खरंच होतं का?

होतं, पण दमछाक होते. जाऊन-येऊन ३१० किमी, म्हणजे थांबे सोडून निदान सहा तास गाडीत. उन्हाळ्यातल्या लांब दिवसात जमतं. डिसेंबरात साडेपाचला अंधार पडतो, तेव्हा काहीतरी सोडावंच लागतं.

आमचा सरळ सल्ला: हातात दुसरा अर्धा दिवस असेल तर म्त्सखेता या सहलीतून काढा. ते शहराला इतकं जवळ आहे की मार्श्रुत्काने, म्हणजे ठरावीक मार्गावरच्या मिनीबसने, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं, आणि तिथली दोन्ही चर्च, टेकडीवरचं ज्वारी मठाचं आणि गावातलं स्वेतित्सखोवेली, घाईत बघण्यासारखी नाहीत. मोठा दिवस अनानुरी आणि गेर्गेतीला द्या. 'वाटेतच आहे' म्हणून म्त्सखेतात घालवलेला दीड तास पुढे गेर्गेतीच्या वेळेतून कापला जातो, आणि टूरवाले ते आधी सांगत नाहीत.

३. आमच्याकडे एकच दिवस आहे. मग वेळापत्रक कसं आखायचं?

सात वाजता निघा. जॉर्जियाचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्याने पहिले काही दिवस लवकर उठणं जड जात नाही.

साडेसातला ज्वारी मठाच्या टेकडीवर पोहोचाल. दार उघडलेलं नसलं तरी खालचा नद्यांचा संगम दिसतोच. साडेआठला खाली म्त्सखेतात, स्वेतित्सखोवेलीला पाऊण तास. सव्वानऊला निघून साडेदहापर्यंत अनानुरी, तिथे अर्धा-पाऊण तास. साडेबाराच्या आसपास गुदाउरीच्या पुढचं अर्धगोल स्मारक. ते १९८३ साली, रशियाशी झालेल्या गिओर्गियेव्स्कच्या तहाला २०० वर्षं झाली म्हणून बांधलं. मागे खोल दरी आहे, वीस मिनिटं पुरतात. दीडपर्यंत स्तेपान्त्समिंडा. आधी वर चर्चला जा, मग जेवा. उलटं केलंत तर दुपारी चढणारे ढग शिखर झाकून टाकतात. सव्वाचारला परतीला निघा. वाटेत ट्रक नसतील तर साडेसात, असतील तर साडेआठ-नऊ.

स्नानगृहाची खोली साडेनऊच्या आधीची ठरवू नका.

४. कोणता महिना चांगला?

मेचा शेवट ते जून, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये तिबिलिसीत पारा पस्तिशीच्या वर जातो, वर डोंगरात मात्र हवा छान असते. गर्दी तेवढी सहन करावी लागते. डिसेंबर ते मार्च गुदाउरीला बर्फ आणि स्कीइंग. गेर्गेतीला पोहोचण्याची खात्री त्या दिवसांत नसते (पाहा प्रश्न १२). एप्रिल फसवा: खाली बदाम-प्लमला बहर, वर चिखल आणि वितळतं बर्फ.

५. टूर, टॅक्सी की मार्श्रुत्का? कशात काय अडचण येते?

ठरलेली टूर एकट्या-दुकट्याला सगळ्यात स्वस्त आणि सोपी, पण थांबे त्यांच्या सोयीचे. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. स्तेपान्त्समिंडाहून वर चर्चपर्यंतच्या छोट्या गाडीचं भाडं धरलंय का? मोठी बस वर जात नाही, आणि हा खर्च बऱ्याचदा तिथे पोहोचल्यावर समजतो. वाटेत मध-वाईनच्या दुकानांत किती वेळ जातो? रस्ता बंद निघाला तर पैसे परत मिळतात का?

चौघे असाल तर दिवसभराची गाडी चालकासह घ्या. भाव गाडीचा ठरवा, माणशी नव्हे. थांब्यांची यादी लिहून मोबाइलवर पाठवा, म्हणजे परतीच्या वाटेवर वाद होत नाही.

मार्श्रुत्का दिदुबे मेट्रो स्थानकाबाहेरच्या तळावरून सुटते. काझबेगीला तीन तास लागतात. ती वाटेत अनानुरीला फोटोसाठी थांबत नाही. शिवाय परतीची शेवटची गाडी संध्याकाळीच निघून जाते. उतरल्या उतरल्या चालकाला तिची वेळ विचारा. याच तळावर टॅक्सीवाले 'आज मार्श्रुत्का नाही' असं सांगतात. ऐकून घ्या आणि पुढे चालत राहा.

६. स्वतः गाडी चालवत गेलो तर?

गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं, हे पहिलं. म्लेता गाव सोडल्यावर गुदाउरीपर्यंत नागमोडी चढ आहे, आणि सीमेकडे जाणाऱ्या अवजड ट्रकांची रांग कायम. स्थानिक चालक वळणावरही ओव्हरटेक करतात. तुम्ही करू नका. खिंडीजवळ हिमकडे कोसळण्यापासून बचाव म्हणून बांधलेले जुने बोगदे अंधारे आणि खड्ड्यांचे आहेत. आत शिरण्याआधी हेडलाइट लावा. वसंतात आणि शरदात मेंढ्यांचे कळप रस्ता अडवतात, तेव्हा हॉर्न न वाजवता हळूहळू कळपातूनच वाट काढायची.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघतानाच काढा, मूळ परवानाही सोबत ठेवा. हिवाळ्यात गाडीला बर्फाचे टायर आहेत का, हे ताबा घेतानाच बघा.

आणखी एक: नकाशावर नुसतं 'ज्वारी' टाकलंत तर ज्वारी मठ, ज्वारी खिंड आणि पश्चिम जॉर्जियातलं ज्वारी नावाचं गाव, तिन्ही येतात. ते गाव शेकडो किलोमीटर दूर आहे. 'ज्वारी मठ, म्त्सखेता' असंच शोधा. मठाचा रस्ता म्त्सखेता गावातून नाही, नदीच्या पलीकडच्या तीरावरून, महामार्गाकडून वर जातो.

७. चर्चमध्ये जाताना कपडे कसे हवेत? पंजाबी ड्रेस चालतो का?

पंजाबी ड्रेस आणि ओढणी उत्तम. ओढणी डोक्यावर घेतली की झालं. साडीही चालते. बायकांनी डोकं, खांदे आणि गुडघे झाकायचे असतात. जीन्सबद्दल ठिकाणागणिक कडकपणा वेगळा. शहरातल्या चर्चमध्ये सहसा कोणी हटकत नाही. गेर्गेती किंवा साधू-साध्वी राहतात अशा मठात पँटवरून गुंडाळायला कापड लागतं, ते दाराशी टोपलीत किंवा खुंटीला ठेवलेलं असतं. बाहेर पडताना परत ठेवा.

पुरुषांनी उलट करायचं: टोपी काढायची. बर्म्युडा चालत नाही. चपला-बूट काढायचे नसतात. आपल्या सवयीने काही जण दाराशी बूट काढून ठेवतात आणि थंडगार दगडी फरशीवर गारठतात.

ज्वारीच्या टेकडीवर वारा जोरदार असतो, म्हणून ओढणीला पिन लावा.

८. आत वागायचं कसं? फोटो, मेणबत्ती, प्रार्थना चालू असेल तर?

बसायला बाक नसतात, लोक उभ्यानेच प्रार्थना करतात. भिंतीलगतची दोन-चार आसनं वृद्धांसाठी. समोर चित्रांची जी आडभिंत दिसते तिच्या पलीकडे गाभारा. तिकडे जायचं नाही. पुजारी आणि त्या भिंतीच्या मधून आडवं जाऊ नका.

मेणबत्त्या दाराजवळच्या टेबलावर मिळतात. कोणीही लावू शकतं, ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही. जळतीवरून पेटवा, बूड किंचित वितळवून वाळूत किंवा खोबणीत बसवा. सेविका अर्धी जळलेली मेणबत्ती काढून टाकते, त्यात रागावण्यासारखं काही नाही. जागा करायची असते.

गेर्गेतीच्या आत फोटो काढू देत नाहीत. इतरत्र दाराची पाटी बघा. फ्लॅश कुठेच नको, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा फोटो तर नाहीच. रविवारी सकाळी मुख्य उपासना असते. तेव्हा मागच्या बाजूला उभं राहून तीन-चार आवाजांतलं, वाद्यांशिवायचं गायन ऐकावं. वास्तू निवांत बघायची असेल तर मात्र दुसरा दिवस निवडा.

९. सगळी चर्च सारखीच दिसतात. कुठे काय बघायचं?

आत शिरून पाच मिनिटांत बाहेर आलं तर तसंच वाटतं. खुणा माहीत असल्या की प्रत्येक वेगळं दिसू लागतं.

ज्वारी हे सहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन सातव्याच्या सुरुवातीला पुरं झालेलं चर्च. आत जवळजवळ काही नाही, आणि तेच त्याचं बळ. चार दिशांना चार अर्धगोल कोनाडे, चार कोपऱ्यांत चार लहान खोल्या, मधल्या चौकोनावर घुमट. मधोमध अष्टकोनी चौथरा. चौथ्या शतकात संत निनोने जॉर्जियाच्या राजाला ख्रिस्ती केल्यावर याच टेकडीवर लाकडी क्रूस उभारला होता, त्या जागी चर्च बांधलं. हा आराखडा कॉकेशसमध्ये पुढे ठिकठिकाणी गिरवला गेला. बाहेर येऊन खाली पाहा: म्त्क्वारी आणि अराग्वी या नद्यांच्या पाण्याचे रंग संगमावर बरेचदा वेगळे दिसतात.

स्वेतित्सखोवेली १०१० ते १०२९ या काळात अर्सुकिद्झे या स्थपतीने बांधलं. उत्तरेच्या भिंतीवर वर, काटकोनी मोजपट्टी धरलेला एक दगडी हात कोरलेला आहे. तो त्याच स्थपतीचा मानतात. पूर्वेच्या भिंतीवरची बैलांची दोन मुंडकी त्याआधीच्या, पाचव्या शतकातल्या चर्चमधून आली आहेत. येशूचं वस्त्र इथे पुरलेलं आहे अशी श्रद्धा, म्हणून हे देशातलं अत्यंत पवित्र स्थान. आत दगडात बांधलेलं एक छोटं चर्चही दिसेल, ती जेरुसलेमच्या पवित्र कबरीची प्रतिकृती. पायाखाली राजांच्या समाध्या आहेत, त्यांत शेवटच्या राजांपैकी एरेक्ले दुसरा आणि गिओर्गी बारावा. समाधीच्या शिळांवर पाय न देता बाजूने चाला. ज्वारी, स्वेतित्सखोवेली आणि गावातलंच सामताव्रो ही तिन्ही १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

अनानुरीला आतल्यापेक्षा बाहेरचं बघायचं. १६८९ च्या मोठ्या चर्चच्या दक्षिण भिंतीवर द्राक्षवेलींनी वेढलेला भलामोठा क्रूस आणि त्याच्या भोवती देवदूत, प्राणी कोरले आहेत. सकाळचं ऊन त्यावर तिरपं पडतं तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. किल्ला अराग्वीच्या सरदार घराण्याचा. खालचा निळा जलाशय झिनवालीच्या धरणाचा आहे आणि तिबिलिसीला पाणी इथूनच जातं. तटावर चढणाऱ्या पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत आणि कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

गेर्गेती चौदाव्या शतकातलं. परचक्राच्या काळात म्त्सखेतातली मौल्यवान पवित्र चीजवस्तू, संत निनोच्या क्रूसासह, इथे वर आणून लपवत. तो क्रूस आता तिबिलिसीच्या सिओनी चर्चमध्ये आहे. सिओनी स्नानगृहांपासून पायी दहा मिनिटांवर आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी सहज होतं.

१०. बाबांचे गुडघे दुखतात. गेर्गेतीला किती चालावं लागतं?

गाडीने गेलात तर फारसं नाही. गावापासून वरपर्यंत आता पक्का रस्ता आहे. पार्किंगपासून चर्चपर्यंत शेवटचा चढ मात्र पायीच, तोही दगड-गवताचा. काठी घ्या आणि दोनदा थांबा. वाऱ्यामुळे टेकडीचा माथा गावापेक्षा बराच थंड असतो. जूनमध्येही स्वेटर लागतो.

पायी चढायचं असेल तर गावातून सुमारे दीड तास चढायला आणि तासभर उतरायला. उंचीतला फरक ४०० मीटरहून जास्त. प्रश्न ३ मधल्या वेळापत्रकात हे बसत नाही. चालायची हौस असेल तर स्तेपान्त्समिंडाला मुक्काम करा.

गावातल्या चौकात वर नेणाऱ्या जुन्या फोर-बाय-फोर गाड्या उभ्या असतात. भाव जाऊन-येऊन ठरवा आणि वर किती वेळ थांबणार तेही बोलून घ्या. नाही तर वीस मिनिटांत हॉर्न वाजायला लागतो. पाऊण तास मागा.

११. इतक्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होतो का? आणि गाडी लागते त्याचं काय?

रस्त्याची सगळ्यात उंच जागा ज्वारी खिंड, सुमारे २,४०० मीटर, आणि तिथे तुम्ही काही मिनिटंच असता. धडधाकट माणसाला विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. फार तर चढताना धाप लागेल. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

गाडी लागणं हा मात्र खरा त्रास. म्लेताच्या वळणांवर निम्मी मिनीबस पिशव्या शोधत असते. ज्यांना लागते त्यांनी सकाळी चहा-बिस्किटावर न राहता काहीतरी सुकं खाऊन निघावं, पुढे बसावं, मोबाइल बघू नये. आपली नेहमीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्या, वळणं सुरू झाल्यावर नाही. पोटात मुरेपर्यंत वळणं संपलेली असतात.

१२. रस्ता बंद झाला किंवा ढगच ढग असले तर काय करायचं?

हिवाळ्यात गुदाउरी ते खिंडीपलीकडचं कोबी गाव हा पट्टा हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे बंद करतात, कधी काही तास, कधी काही दिवस. पोलीस गाड्या परत पाठवतात, घासाघीस चालत नाही. जॉर्जियाचं रस्ते खातं याच्या सूचना रोज देतं. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, दोन्ही वेळा बघा. कधी मोठ्या ट्रकांनाच बंदी असते, त्या दिवशी छोट्या गाड्यांची चैन.

बंद असेल तर दिवस फुकट घालवू नका. म्त्सखेता निवांत, मग अनानुरी, मग गुदाउरीला रोपवेने वर आणि संध्याकाळी सातलाच स्नानगृह. उलट हा दिवस जास्त सुखाचा जातो.

ढगांचं वेगळं. तिबिलिसीतला पाऊस बघून सहल रद्द करू नका. खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे हवामान बरेचदा निराळं असतं. शहराचा नव्हे, स्तेपान्त्समिंडाचा अंदाज बघा. काझबेक पूर्ण उघडा दिसण्याची शक्यता पहाटे जास्त, आणि एका दिवसाच्या सहलीत पहाट मिळत नाही. शिखरासाठीच जायचं असेल तर तिथे एक रात्र काढणं हाच उपाय.

१३. शाकाहारी आहोत. जैन जेवण मिळेल का?

शाकाहाराची अडचण नाही. चीज भरलेली इमेरुली खाचापुरी, राजम्याचं सारण भरलेली लोबियानी, मातीच्या भांड्यातला राजमा म्हणजे लोबिओ आणि त्यासोबत म्चादी नावाची मक्याची जाड भाकरी, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. हे जवळपास सगळीकडे असतं. रस्त्याकडेला टांगलेली चुर्चखेला म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षरसाच्या दाट लापशीत बुडवून वाळवलेले. गाडीत खायला हेच बरं.

सावध राहायच्या जागा तीन. खिंकाली मुळात मांसाची. सोको (मशरूम), बटाटा किंवा चीजची आहे का विचारून घ्या, आणि तीही सगळी एकाच पाण्यात उकळतात हे लक्षात ठेवा. लोबियानीचा राचा भागातला प्रकार डुकराच्या मांसाचा असतो. आणि चीज घट्ट करायला जनावराच्या पोटातलं विरजण वापरलेलं असू शकतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी चीज टाळावं.

एक शब्द पाठ करून जा: 'सामार्ख्वो', म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही, त्यामुळे हा शब्द म्हटला की स्वयंपाकघरात नेमकं समजतं. कांदा-लसूण मात्र त्यात असतोच. जैनांनी शोती पाव, काकडी-टोमॅटो कांद्याविना, फळं आणि घरून नेलेले ठेपले-खाकरे यांवर दिवस काढावा.

१४. स्नानगृहात सार्वजनिक भाग घ्यावा की खासगी खोली?

आपल्याकडच्या बहुतेकांना खासगी खोलीच सोयीची. सार्वजनिक भागात बायका-पुरुष वेगळे असतात, आणि तिथे सगळे विवस्त्रच आंघोळ करतात. स्वस्त, पण संकोच वाटणार असेल तर पैसे वाचवू नका.

खासगी खोलीचं भाडं तासावर आणि खोलीवर असतं, माणशी नाही. दोघांची साधी खोली आणि आठ-दहा जणांची नक्षीदार खोली यांच्या भाड्यात कित्येक पटींचा फरक. आत कपडे बदलायची जागा, गरम कुंड, शॉवर आणि दगडी ओटा. मोठ्यांत थंड पाण्याचं कुंडही. पोहण्याचे कपडे घालून बसलात तरी कोणी काही म्हणत नाही. तासात कपडे बदलणं धरलेलं असतं, आणि उशिरा पोहोचलात तर तुमचाच वेळ जातो. शनिवार-रविवारच्या रात्रीसाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

निळ्या नक्षीच्या फरशांचं दर्शनी दार असलेलं ओर्बेलियानी स्नानगृह सगळ्यांना फोटोतून माहीत असतं. गर्दीही तिथेच. विटांच्या घुमटांखालच्या बाकीच्या स्नानगृहांतलं पाणीही याच परिसरातल्या झऱ्यांचं. टॉवेल, चादर, स्लिपर भाड्याने मिळतात. स्वतःचे नेले तर बरं.

१५. आत नेमकं काय करायचं? किसा म्हणजे काय?

साबणाने अंग धुऊन मग कुंडात उतरा. पाणी चाळीस अंशांच्या आसपास असतं, म्हणून आधी पाय, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, गार पाण्याचा शॉवर घ्या, पुन्हा बसा. सलग अर्धा तास बसलात तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ओल्या दगडावर पडणं वाईट.

किसा म्हणजे खरखरीत हातमोज्याने अंग घासून देणं. त्यानंतर पिशवीभर साबणाचा फेस अंगावर ओततात. दहा-पंधरा मिनिटांत संपतं, पैसे वेगळे. त्याआधी दहा मिनिटं तरी पाण्यात भिजा, नाही तर मळ सुटत नाही आणि कातडी नुसती जळजळते. त्या दिवशी तेल किंवा लोशन लावू नका, दाढी किंवा वॅक्सिंगही नको. घासणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष, खोली ठरवतानाच सांगा.

कुजक्या अंड्यासारखा वास पाच मिनिटांनी जाणवेनासा होतो. कपड्यांतून मात्र दोन धुण्यांशिवाय जात नाही.

१६. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण काढावे लागतात का?

काढाच. पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडशी चांदीचा संयोग होऊन काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. जोडवी आणि पैंजण त्याच रात्री काळे पडतात. बावीस कॅरेट सोन्यात इतर धातू साडेआठ टक्क्यांच्या आत असल्याने मंगळसूत्राला फार काही होत नाही, पण वाट्या मंदावू शकतात आणि चांदीत ओवलेलं असेल तर तेवढा भाग काळवंडतो. खोलीत सोडू नका; निघण्यापूर्वी हॉटेलातच ठेवा.

काळी पडलीच तर एका वाडग्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, चांदी तिला टेकेल अशी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि अर्धा लिटर उकळतं पाणी ओता. दोन-तीन मिनिटांत उजळते. मोती किंवा खडे बसवलेले दागिने यात घालू नका.

१७. कोणी गरम कुंडात उतरू नये?

गरोदर बायका, हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेले, अंगावर उघडी जखम असलेले, आणि ज्यांनी जेवताना वाईन किंवा चाचा (द्राक्षांची कडक दारू) घेतली आहे ते. शेवटचा गट सगळ्यात मोठा असतो. मधुमेहात पायाची संवेदना कमी असेल तर आधी हाताने पाणी बघा. लहान मुलांना पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. लेन्स काढून उतरा.

१८. स्नान सकाळी उरकून मग डोंगरात गेलो तर?

नको. गरम पाण्याने अंग सैल पडतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि लगेच वळणांचा रस्ता आणि वर गार वारा. स्नान शेवटीच. अपवाद एकच: पहाटेच्या विमानाने उतरलात आणि हॉटेलची खोली दुपारी मिळणार आहे. काही स्नानगृहं रात्रभर उघडी असतात. तेव्हा तासभर खोली घ्या, पण त्या दिवशी म्त्सखेताच्या पुढे जाऊ नका.

१९. त्याच रात्री परतीचं विमान आहे. सहल करावी का?

तिबिलिसीहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून हा मोह होतो. उन्हाळ्यात, विमान पहाटे तीननंतरचं असेल आणि गाडी तुमची स्वतःची ठरवलेली असेल तरच. मार्श्रुत्काने किंवा हिवाळ्यात अजिबात नाही. खिंडीत एक ट्रक आडवा झाला की दोन-तीन तास जातात.

२०. सणावाराला सगळं बंद असतं का?

चर्च उघडीच असतात, उलट भरलेली. ७ जानेवारीचा नाताळ, जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे येणारा ईस्टर, २८ ऑगस्टचा मरियमोबा आणि १४ ऑक्टोबरचा स्वेतित्सखोव्लोबा या दिवशी म्त्सखेतात गाडी लावायला जागा मिळत नाही. ईस्टरच्या सुमारास अनेक खाणावळी बंद असतात. शनिवार-रविवारी स्वेतित्सखोवेलीत लग्नं लागतात. कडेला उभं राहून बघायला हरकत नाही.

२१. गोव्याचा आणि जॉर्जियाच्या कुठल्याशा राणीचा संबंध आहे म्हणतात. ते या वाटेवर आहे का?

संबंध खरा आहे, वाटेवर नाही. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ साली शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणला. तोच मठ, ज्याचा आज उंच मनोरा तेवढा उरला आहे. तिथल्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व खात्याला अस्थी सापडल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने केलेल्या डीएनए तपासणीने त्या तिच्याच असाव्यात याला बळ दिलं. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. जॉर्जियन चर्च तिला संत मानतं. तिबिलिसीतलं मोठं त्रिमूर्ती कॅथेड्रल, म्हणजे सामेबा, बघाल तेव्हा हे आठवा. गोव्याहून आलो म्हटलं की तिथली म्हातारी माणसं हात धरून बोलायला लागतात.

२२. व्हिसा, विमा आणि पैशांचं काय?

भारतीयांना अधिकृत संकेतस्थळावरून ई-व्हिसा काढता येतो. अमेरिका, शेंगेन किंवा आखाती देशांचा वैध व्हिसा वा रहिवासी परवाना असेल तर बहुधा वेगळा व्हिसा लागत नाही. तुमच्या परवान्याचा प्रकार यादीत आहे का, ते निघण्यापूर्वी तपासा. १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा आहे, किमान ३०,००० लारींचा (लारी म्हणजे जॉर्जियाचं चलन). विमा, परतीचं तिकीट, हॉटेलची नोंद आणि पैशांचा पुरावा छापून हातातल्या पिशवीत ठेवा. विमानतळावर भारतीय प्रवाशांना कसून विचारतात, आणि मोबाइलमधला कागद चार्जिंग संपल्यावर दाखवता येत नाही. मुलांना भेटायला जाणाऱ्यांनी विद्यापीठाचं पत्र आणि मुलाच्या रहिवासी कार्डाची प्रतही घ्यावी.

रुपये बदलून मिळतील यावर विसंबू नका. डॉलर किंवा युरो न्या आणि शहरात लारी घ्या. एक लारी साधारण तीस-पस्तीस रुपयांची. तिबिलिसीत कार्ड सगळीकडे चालतं. मार्श्रुत्का, मेणबत्त्या, गेर्गेतीच्या गाड्या, वाटेवरची स्वच्छतागृहं आणि किसा करणाऱ्याला मात्र रोख द्यावी लागते, तीही सुट्टी.